कठड्यांसाठी कुऱ्हाड

एका नगरात उन्हाळा आला की भिंती अशा तापत, की घरात पाठ टेकायची सोय उरत नसे. लेकरे आणि म्हातारी माणसे उन्हाने दगावू लागली. तेव्हा राजाने हुकूम काढला, "आळीआळीत झाडे लावा. नगर गार झाले पाहिजे." काम सोपवले विसाजीपंत कारभाऱ्यांकडे.

विसाजीपंत कष्टाळू, पण शब्दाला फार जपणारे. पहिल्या वर्षी त्यांनी लावलेली रोपे शेळ्यांनी फस्त केली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली आणि भर दरबारात बोलून बसले, "महाराज, यंदा प्रत्येक रोपाला लाकडी कठडा असेल. एक जरी उघडे दिसले, तर माझी कट्यार काढून घ्या." कट्यार म्हणजे कारभाराचा मान. राजा म्हणाला, "उन्हाळ्यात मी स्वतः बघायला येईन."

राजा उद्या येणार, आणि तांबट आळीतली रोपे अजून उघडीच! नगरातले लाकूड संपले होते. उरला होता आळीतला एक जुना कडुनिंब. विसाजीपंतांनी कुऱ्हाडवाले बोलावले. रोपे खाल्ली शेळ्यांनी आणि घाव कडुनिंबावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

कडुनिंबाच्या फांदीला एक झोळी टांगलेली होती. तीत सगुणा तांबटणीचे तान्हे बाळ निजले होते. घरात भट्टी धगधगत असे, आणि बाळ उन्हाने मलूल झाले होते.

"झोळी काढ, बाई," विसाजीपंत म्हणाले. "एवढी रोपं लावलीत ना? बस तिथं सावलीला."

सगुणाने झोळी सोडली. एका रोपाशेजारी जाऊन बाळाला मांडीवर घेऊन बसली. त्या रोपाची सावली बाळाच्या मुठीएवढीही नव्हती. तिने पदर धरला, तरी बाळाचा चेहरा लालबुंद झाला. ते कळवळून रडू लागले. इकडे पहिला घाव बसला.

विसाजीपंतांना राहवले नाही. त्यांनी आपली छत्री बाळावर धरली.

"पंत, रोप मोठं होईस्तोवर अशीच धराल का?" सगुणाने विचारले.

दुसरा घाव बसला. तेवढ्यात बाळाचे रडणे एकदम थांबले.

"थांबवा रे!" विसाजीपंत ओरडले. "आधी पाणी आणा, झोळी बांधा!"

कडुनिंबाखाली ओल्या फडक्याने अंग पुसले, तेव्हा कुठे बाळ पुन्हा कण्हले. उद्या कट्यार जाणार हे विसाजीपंतांना कळून चुकले होते. तरी कुऱ्हाडवाल्यांना त्यांनी माघारी धाडले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी राजा आला. उघडी रोपे पाहून तो संतापला. विसाजीपंतांनी कट्यार काढून त्याच्यापुढे ठेवली.

"नुसती कट्यार काय ठेवता? कठडे कुठे आहेत?" राजा गरजला. ऊन मी म्हणत होते. बोलता बोलता तो एकेक पाऊल सरकत कडुनिंबाखाली आला आणि घाम पुसू लागला.

"महाराज, कठडे आपल्या डोक्यावर आहेत," विसाजीपंत म्हणाले. "तोडू का?"

राजाने वर पाहिले. मग बुंध्यावरचे दोन घाव पाहिले, झोळीत शांत झोपलेले बाळ पाहिले. मग वाकून त्याने कट्यार उचलली आणि विसाजीपंतांच्या हातात दिली.

"पंत, आधी शेळ्या बांधायला सांगा," तो म्हणाला.

तात्पर्य: उद्याची सावली जरूर वाढवावी, पण दिलेला शब्द राखायचा म्हणून आजच्या सावलीवर कुऱ्हाड घालू नये.