मूळव्याधीची ठकूआत्या

फार फार वर्षांपूर्वी, धोटेवाडीत घरागणिक हातमाग खडखडत होता, तेव्हाची ही गोष्ट. माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर असायचा आणि खड्ड्यात पाय सोडून विणकर दिवसभर बसायचे. बसून बसून निम्म्या गावाला मूळव्याध. त्यावर इलाज एकच, ठकूआत्या.

आत्या राखेत आणि हळदीत मुरवलेला दोरा मूळव्याधीच्या कोंबाच्या बुडाशी आवळून बांधायची आणि माणसाला त्याच दिवशी घरी धाडायची. काही दिवसांनी कोंब सुकून गळून पडायचा. माणूस घरी निवांत, पण आत्याच्या जिवाला चैन नसे. कुणाची लघवी तुंबायची, कुणाला ताप भरायचा, आणि कोंब गळताना रक्त लागलं तर ते थांबता थांबत नसे. म्हणून ती दारोदार जाऊन भर गल्लीत विचारायची, "लघवी झाली का रं? ताप? रगत?" माणसं लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी होत. तिच्या पायांना भिंगरी होती, असं म्हणतात. तिला बसलेली कुणी पाहिलीच नाही.

एकदा तिनं नरसू कोष्ट्याला दोरा बांधला. "कोंब गळंस्तवर मागावर बसायचं न्हाई," तिनं बजावलं. पण पाटलाच्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि तिचा लाल शालू मागावर अर्धाच. नरसू गुपचूप कामाला बसला. आत्या रोज यायची आणि तो आतूनच ओरडायचा, "बरं हाय आत्या, जावा तुमी!"

लग्नाच्या आदल्या दिवशीही ती अशीच परत फिरली. घरी येऊन तिनं ताट वाढून घेतलं. पण उगाच भीती वाटत राहिली. ताट सारून ती पुन्हा गेली. अंगणात नरसूची बायको यमुना सूत उकलत होती.

"कसा हाय गं?"

"बरं हायती. मागाखाली लाल रंग गळलाय तेवढा, पुसते आता."

"अगं, सूत रंगवून, वाळवून मग मागावर चढतं! वाळल्या सुताचा रंग गळतोय व्हय?"

आत्या आत धावली. नरसू मागावर मान टाकून पडला होता, पांढराफटक. तिनं कात्री घेतली, शालूच कापला, त्याची जाड घडी केली आणि जखमेवर दाबून धरली. यमुना रडू लागली. शेजारपाजारचे माग खडखडतच होते. "माग थांबवा! मला ह्याचा श्वास ऐकू येईना!" आत्या ओरडली, आणि कुणी हात न लावता वाडीतले सगळे माग जागच्या जागी थांबले, असं म्हणतात. रक्त थांबेपर्यंत सूर्यही मावळला नाही, असंही म्हणतात.

नरसू वाचला. पाटलाची लेक आईचं जुनं लुगडं नेसून बोहल्यावर उभी राहिली.

आत्या गेल्यावर गावानं तिचं देऊळ बांधायचं ठरवलं होतं. पण तिला एका जागी बसवणार कोण? तो बेत तिथंच राहिला.

आता वाडीतली माणसं मूळव्याध कापून घ्यायला तालुक्याच्या दवाखान्यात जातात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. आल्यावर रोज गल्लीतली एक बाई त्यांच्या घरी जाते. दाराबाहेरून ऐकलेल्या उत्तरावर ती फिरत नाही. आत जाते, समोर उभी राहते आणि एकेक गोष्ट विचारते. परवा हेडमास्तर संकोचून "सगळं ठीक आहे" म्हणत टाळू लागले, तेव्हा बाई म्हणाली, "मास्तर, मी न्हाई, आत्या इचारतीया."

मास्तरांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "सकाळपासून रक्त जातंय."