धोंड्याची मोरी

पाहुणे, जरा बांधाच्या या टोकाला या. नदीचं पाणी दोन मोठ्या मोऱ्यांतून दोन पाटांत जातं, ते तुम्ही पाहिलंत. एक पाट वरसाळ्याचा, दुसरा तळसाळ्याचा. आता ही तिसरी मोरी पाहा. अरुंद, काळ्या खडकात छिन्नीनं कोरलेली, तोंडावर दगडी फळी. हिला धोंड्याची मोरी म्हणतात. ही फक्त अधिक महिन्यात उघडते. मी बेलदारवाडीचा, म्हणून हिची गोष्ट सांगायचा मान माझा.

हा बांध आमच्या बेलदार पूर्वजांनी घातला. पण त्यांना जमीन नव्हती, म्हणून पाण्यात वाटाही मिळाला नाही. दोन्ही गावांनी महिने वाटून घेतले. वैशाख तळसाळ्याचा, ज्येष्ठ वरसाळ्याचा, असं आळीपाळीनं. आता चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून थोडं तोकडं. ती तूट साचत जाते, आणि साधारण दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक महिना जादा धरावा लागतो. वाटणी नवी होती, त्या जादा महिन्याचा विचारच कुणी केला नव्हता. तो आला नेमका भर उन्हाळ्यात, अधिक ज्येष्ठ होऊन.

वरसाळेकर म्हणाले, "नाव ज्येष्ठ आहे ना? मग आमचाच."

तळसाळेकर म्हणाले, "तुमचा ज्येष्ठ पुढं आहे. लागोपाठ दोन महिने आमचे मळे कोरडे ठेवायचे का?"

दोन्हीकडून काठ्या निघाल्या. दोघांची डोकी फुटली. शेवटी एकमेकांना मिळू नये म्हणून दोन्ही मोऱ्या बुजवल्या, आणि पाणी बांधावरून फुकट वाहून जाऊ लागलं.

वरसाळ्याच्या सुभानराव पाटलांची लेक सगुणा तळसाळ्याच्या रायाजीला दिली होती. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं, म्हणून त्या दोघांना बोलावणं गेलं होतं. आता बांधाच्या एका अंगाला तिचा बाप काठी घेऊन उभा, दुसऱ्या अंगाला नवरा. ती बांधाच्या मधोमध जाऊन बसली आणि म्हणाली, "हे भांडण मिटेपर्यंत मी पाण्याचा थेंब घेणार नाही."

ज्येष्ठाचं ऊन. पायाशी पाणी, आणि ओठ कोरडे. असं सांगतात, की तिच्या डोक्यावर पदराची सावली धरायला दोन्ही गावांतून कुणी आलं नाही. आल्या त्या आमच्या वाडीतल्या बाया. वाडीची विहीर आटली होती, कोसभर लांबून पाणी आणून त्यांच्या टाचा फुटल्या होत्या. सगुणेनं त्या टाचा पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सुभानराव हात जोडून म्हणाले, "पोरी, ऊठ. काय हवं ते माग."

"जावयाचं वाण द्यायचंय ना, आबा? मग या महिन्याचं पाणी द्या."

वरसाळेकर खवळले. पण लेकीचा जीव जात होता. सुभानरावांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत रायाजीच्या हातावर सोडलं. तळसाळेकरांनी आरोळी ठोकली. त्यांना वाटलं, जिंकलो.

सगुणा नवऱ्याकडे बघून म्हणाली, "या महिन्याला कुणी देव धनी व्हायला तयार नव्हता. पुरुषोत्तमानं त्याला पदरात घेतलं. ज्यांच्या वाट्याला एकही महिना आला नाही, त्यांना हा द्या."

रायाजीनं मागं पाहिलं. त्याची माणसं, त्याचे सुकलेले मळे. मग त्यानं काठी नदीत फेकली. "वाण मला मिळालंय. मी ते बेलदारवाडीला दिलं."

बेलदारांनी छिन्न्या उचलल्या. ज्या हातांनी बांध घातला, त्याच हातांनी हा खडक फोडला. कालपर्यंत भांडणारी माणसं चर खणायला खाली उतरली. ऊन कलताना पाणी वाडीच्या विहिरीत पडलं. वाडीतल्या एका म्हातारीनं त्याची घागर भरून बांधावर आणली, आणि सगुणेनं त्या पाण्यानं उपास सोडला.

पुढं ती सुखानं नांदली, नातवंडं पाहिली. तिचा वंश तळसाळ्यात अजून आहे.

आजही अधिक महिना लागला, की दोन्ही गावांचे पाटील ही फळी मिळून उचलतात. मग आमच्या बाया विहिरीतून दोन घागरी भरतात आणि एक वरसाळ्याला, एक तळसाळ्याला घेऊन जातात. मोठमोठे बागायतदार दारात उभे राहून, दोन्ही हात पुढं करून ते पाणी घेतात. कारण त्या महिन्यात नदीचं पाणी आमचं असतं, आणि देणारे आम्ही असतो.