दीडशे सह्या आणि एक

एकदा एका विद्यापीठाच्या वसतिगृहावर एक वृद्ध आचार्य अधीक्षक होते. न्यायशास्त्र शिकवण्यात हयात गेलेली, बोलणे मोजके. तेथील विद्यार्थ्यांच्या दोन संघटनांत विळ्या-भोपळ्याचे सख्य होते. छात्रसंघाच्या निवडणुकीवर एका संघटनेचा भूषण नावाचा विद्यार्थी सभेत बोलू लागला, तेव्हा दुसऱ्या संघटनेचा नेता पराग याने घोषणा देऊन सभाच उधळली. एवढ्यावरही भागले नाही. भूषणला वसतिगृहातून काढावे, असा दीडशे सह्यांचा अर्ज घेऊन तो आचार्यांकडे आला. खोली गेली असती तर भूषणचे शिक्षणच सुटले असते. शहरात भाडे भरण्याची घरची ऐपत नव्हती.

आचार्य अर्ज वाचून म्हणाले, "काढतो."

परागला हे अगदीच अनपेक्षित होते.

"फक्त भूषणचे म्हणणे काय, ते लिहून सोबत जोड. खाली त्याची सही हवी."

'निवडणुका नकोत, असे भूषण म्हणतो,' परागने खरडले. भूषणने कागद परत केला. "असं मी म्हणालोच नाही." दुसरा कागदही परत आला. पराग चिडून आचार्यांकडे गेला.

"सर, तो मुद्दाम सही करत नाही!"

"त्याचे भाषण ऐकलेस ना?"

पराग ओशाळला. "ऐकू नाही आलं, सर. आम्ही घोषणा देत होतो."

"मग आता विचार जा."

पराग नाइलाजाने भूषणच्या खोलीत गेला. भूषण म्हणाला, "निवडणुका मलाही हव्यात. बाहेरच्या पक्षांची माणसं नकोत. त्यांच्या मारामारीत माझ्या भावाचा डोळा गेला." परागने ते जसेच्या तसे लिहिले. भूषणने वाचले आणि सही केली.

पराग कागद घेऊन परतला, तेव्हा आचार्यांनी अर्जासाठी हात पुढे केला. परागने अर्ज सोडला नाही.

"सर, मला त्याचं अजूनही पटलेलं नाही. पण यासाठी कुणाला खोलीबाहेर कसं काढायचं?"

आचार्य हसले. "शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडतात. प्रतिपक्षाचे म्हणणे असे सांगायचे, की त्यानेच मान डोलवावी. मग खुशाल खंडन कर, तो तुझा अधिकारच आहे. न ऐकता विरोध करणारा आपल्याच कल्पनेशी भांडत असतो."

"आणि मी अर्ज दिलाच असता तर?"

"तर माझे शिकवणे वाया गेले म्हणून मीच अधीक्षकाची खोली सोडली असती."

पुढच्या सभेत भूषण शेवटपर्यंत बोलला. पराग दोनदा उसळून उठला, दोनदा खाली बसला. मग त्याने असे कडाडून खंडन केले, की भूषणच म्हणाला, "याला उत्तर द्यायला मला आठवडा लागेल."

"घे की," पराग म्हणाला. "ऐकायला मी आहेच."