नदीकाठची तयार जागा

पाखरं जागेचे सौदे करायची तेव्हाची गोष्ट. दिवस भरत आलेली एक टिटवी नवऱ्यासोबत कोरड्या नदीकाठी जागा बघायला आली. बाभळीवरचा सरडा दलाली करायचा.

"वहिनी, जागा अगदी तयार आहे. गोटे गुळगुळीत, तणाचा पत्ता नाही. आजच अंडी घाला!"

टिटवा हरखला. टिटवी मात्र बिचकली. एवढ्या सोयीच्या जागेत आजवर कुणीच कसं राहिलं नाही? आणि हे गोटे घासले कुणी?

टिटव्या जमिनीवरच नांदणाऱ्या. जागा बघताना खालीच बघायचं, झाडाशी आपलं काय काम, ही त्यांची रीत. पण भेदरलेल्या टिटवीनं त्या दिवशी मान वर केली. बाभळीच्या उंच फांद्यांत गवताचा मोठा गुंता वाळून लटकला होता.

"भावजी, ते घरटं कुणाचं?"

सरड्याचा रंग बदलला. "असेल कावळ्याचं जुनं."

टिटवी उडत जवळ गेली. घरटं कसलं! गवतावर नदीचा गाळ वाळला होता. म्हणजे पूर इथवर चढला होता. गाळात एक ठिपकेदार फुटकं कवच रुतलं होतं. टिटवीच्याच अंड्याचं.

"चला इथून," ती कशीबशी म्हणाली.

त्यांनी उंच माळावर मुरमाड जागा धरली. खडे टोचत, टिटवा कुरकुरत असे. एका संध्याकाळी खाली नदीकाठी टिटव्यांचं दुसरं जोडपं उतरलं आणि सरड्याचा तोच गोड आवाज आला, "वहिनी, जागा अगदी तयार आहे."

टिटवी अंडी सोडून उठली आणि जिवाच्या आकांतानं ओरडत नदीकडे झेपावली.