भिवरा सुईणीचे हात

फार फार वर्षांमागं उंबरघळीला ना रस्ता होता, ना दवाखाना. डोंगराच्या पोटात दोन वाड्या, एक अल्याड, एक पल्याड. मधे घळ, इतकी खोल की टाकलेल्या दगडाचा आवाज वर येऊ नये. अल्याडच्या वाडीत भिवरा नावाची सुईण राहायची. असं म्हणतात, पोटात आडवं झालेलं मूल ती वरून नुसता हात फिरवून वळवायची. नखं मुळापर्यंत कापलेली, मनगटावर हिरवं गोंदण, असे तिचे हात.

भिवराला कधी मागणी आली नाही. त्याला कारण होतं. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. भिवराच्या पाचवीला भरदुपारी बिबट्याचं एक बछडं दारात येऊन बसलं. दाव्याच्या शेळीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. पाळण्याकडे बघत राहिलं आणि उठून गेलं. पोरीची गाठ कुठं बांधली गेली ते गाव समजलं, आणि त्यावर कुणी मोठ्यानं बोललं नाही.

भिवरा मोठी झाली, सुईण झाली. एक दिवस तिच्या दारात एक परका पुरुष येऊन उभा राहिला. तिच्या दारात पुरुष उभा राहायचा तो एकाच कामासाठी. तिनं गाठोडं उचललंच.

"कळा कधीपास्नं? पहिलटकरीण हाय का?"

"कोण?"

"तुझी बायको."

"न्हाई अजून," तो म्हणाला. "तीच बघायला आलोय."

तेव्हा भिवराचं लक्ष त्याच्या नखांकडे गेलं. पिवळी, जाड, आत वळलेली. कोण आलंय ते ती समजली. पण जीभ जागेवर होती.

"बाळंतपणाचं काम करतीया मी. असली नखं घिऊन या घराचा उंबरा वलांडायचा न्हाई."

तिला वाटलं, पीडा टळली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. दहाही बोटांना पानं गुंडाळलेली आणि पानांतून रक्त ठिबकत होतं. त्यानं नखं दातांनी उपटली होती. असं म्हणतात, रक्त बघायची सवय असलेली भिवरा त्या दिवशी मटकन खाली बसली. मग हळद दाबून चिंध्या बांधता बांधता त्याला बोलत राहिली.

"येड्या, काप म्हनलं हुतं. उपट न्हाई."

"कापली तर पुन्यांदा येत्यात."

आता नखांशिवाय बिबट्यानं शिकार कशी करायची? तो दिवसेंदिवस वाळत चालला. भिवरा त्याला भाकरी द्यायची, तो ती कशीबशी गिळायचा. दोघं ओट्यावर बसायचे. तो खोटं बोलत नसे. त्यानं सांगून टाकलं, "चिंध्या बांधायला न्हाई, माझ्यासंगं यायला ज्या दिवशी तू आपणहून माझा हात धरशील, त्या दिवशी माझ्यासारखी हुशील. मागं फिरता यायचं न्हाई."

भिवरानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मग मूल काय पंजानं वळवू? बाकी सगळी ने मला. हात न्हाई देनार."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. येत मात्र राहिला. तिचा जीव त्याच्यात गुंतलाय हे आता सगळ्या वाडीला दिसत होतं. तरी तिचे हात तिच्या मांडीवरच.

त्या श्रावणात घळीवरचा लाकडी साकव कोसळला. सकाळी पल्याडून हाका सुरू झाल्या. सगुणा अडली होती, मूल आडवं होतं. तिची सासू काठावर उभी राहून भिवराला हाका मारत होती. दोर पोचेना, वाट उरली नव्हती. सगळी वाडी काठावर जमली. भिवरानं शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघितलं.

"तुला जमंल पल्याड जायला?"

"जमंल. पन मी तिथं जाऊन करू काय?"

"आनि मला?"

"माझा हात धरलास तर."

म्हणजे ती पोचणार, पण पंजे घेऊन. भिवरानं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "हितं बसून तरी या हातांचं काय करू?" आणि तिनं त्याचा हात धरला.

पुढचं लोक अजूनही हळू आवाजात सांगतात. पावलांपासून केस चढत गेले, मग ठिपके, मग पाठ वाकली, चेहरा गेला. बायकांनी पोरांचे डोळे झाकले, स्वतःचे झाकायचं सुचलं नाही. दोन बिबट्यांनी काठावरून झेप घेतली.

सगुणाला निजवलेल्या पल्याडच्या गोठ्यात जनावर शिरलं तशी माणसं जीव घेऊन बाहेर पळाली. सगुणाला पळता येईना. मादी तिच्या गुडघ्याशी आली. तिनं पुढचे दोन पाय पुढे केले. मनगटापर्यंत ठिपक्यांची कातडी, आणि मनगटापुढे भिवराचे हात. गोंदणासकट.

असं म्हणतात, सगुणा किंचाळली नाही. ती एवढंच म्हणाली, "भिवराबाई, लवकर."

मूल वळलं. मुलगी झाली. मादी बाहेर आली तेव्हा तो दारात बसला होता. दोघं रानात गेली, पुन्हा माणूस होऊन कुणी परतलं नाही. हात कसे राहिले? कुणी म्हणतं, सटवाईला ते घेववले नाहीत. कुणी म्हणतं, त्यानं नखं दिली होती, त्याचा मोबदला. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही.

पण एकाला नखं नाहीत आणि दुसरीला पंजे नाहीत, तर ती दोघं खाणार काय? म्हणून उंबरघळीत ज्या घरी बाळ जन्मतं, ते घर मटणाचा पहिला वाटा पत्रावळीवर वाढून घळीच्या काठावर ठेवतं. आता बाळंतपणं तालुक्याला होतात. माझी लेकसुद्धा तिकडेच झाली, ऑपरेशननं. तरी घरी आल्यावर सासूबाईंनी पत्रावळ माझ्याच हातात दिली आणि मी, एवढी शिकलेली, लेकीला सोबतीला आलेल्या माझ्या आईकडे सोपवून मुकाट्यानं ती ठेवून आले. सकाळी पुन्हा बघायला गेले. कोल्ह्यानं खाल्लं असेल, वाऱ्यानं पान उडालं असेल, असं वाटेत स्वतःला सांगत होते.

पत्रावळ उडाली नव्हती. चार घड्या घालून दगडाखाली नीट दाबून ठेवलेली होती.