पाय लागला तर

“पण सोडलं ना त्याला, माई? कोर्टानं निर्दोष म्हणून सोडलं. आता आणखी काय हवंय?”

तगारे साहेब पोलीस खात्यातले मोठे अधिकारी, आणि जानकीमाईंचा अनुग्रह घेतलेले शिष्य. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते न चुकता मठात येत. आजही खाली घोंगडीवर तळहात टेकून बसले होते. माई ओट्यावर पाय सोडून वाती वळत होत्या.

दाराशी मोतीराम गुरव उभा होता. मठातली सनई पूर्वी त्याच्याकडे असे. मग कुणा दुसऱ्याचा गुन्हा त्याच्या अंगावर आला आणि नऊ वर्षं तुरुंगात गेली.

“मोतीराम, तूच सांग साहेबाला.”

“काय सांगू, माई... ठाण्यातून निरोप आलाय. उद्यापासून नवरात्रभर तिथं येऊन बसायचं. गणपतीतही बसवलं होतं.”

“ती पद्धत आहे,” साहेब म्हणाले. “सणाला गडबड नको, म्हणून जुन्या गुन्हेगारांना बोलावतात.”

“हा गुन्हेगार आहे?”

“नाही, तसं नाही. पण नाव एकदा चढलं, की...”

“सनईवाल्यानं सणात ठाण्यात बसायचं. मग वर्षभर त्याच्या घरात चूल कशावर पेटायची?”



“चहा देतात, माई,” मोतीराम म्हणाला. “खोटं कशाला बोलू?”

साहेबांना हसू आलं. माईंना आलं नाही.

“आणि तू सुटलास तेव्हा? चुकलं बाबा आमचं, एवढं तरी कुणी बोललं?”

“बोलला की एक जण, फाटकावर. म्हणाला, पुन्हा येऊ नकोस.”

माईंच्या बोटांत वात पिळली गेली. तुटली.

“माई,” साहेब हळूच म्हणाले, “झालं ते झालं. यानं आता राग सोडावा. तुम्ही त्याला क्षमेचं चार शब्दांत सांगा. तुमचं ऐकेल तो.”



माईंनी पाय उचलला आणि घोंगडीवर टेकलेल्या साहेबांच्या बोटांवर ठेवला.

कृपा झाली, असं साहेबांना वाटलं. त्यांनी डोळे मिटले.

भार वाढत गेला.

“माई...”

भार आणखी वाढला.

“माई, हात! माझा हात!”

माईंनी पाय काढला. नवी वात वळायला घेतली.

साहेब बोटं चोळत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“चुकून पडला का पाय?”

“चुकून. मला दुसऱ्याचा हात वाटला.”

साहेब वाट पाहत राहिले... माई वात वळत राहिल्या.

“म्हणजे, एवढंच?”

“पाय काढला ना? आणखी काय हवंय?”

“माई, तान्ह्या पोराला पाय लागला, तरी आपण त्याला हात लावून...” साहेब थांबले.

“बोल. हात लावून काय करतो?”

“नमस्कार करतो.”

“का करतो? सरकारनं नियम काढलाय?”

साहेबांनी मान खाली घातली. मग खिशातून फोन काढला, ठाण्यात लावला. मोतीराम गुरवाचं नाव आजच्या आज काढा, उद्या तो ठाण्यात येणार नाही, म्हणून बजावलं. फोन ठेवून त्यांनी माईंकडे पाहिलं. शाबासकीच्या अपेक्षेनं.

“हा पाय काढलास,” माई म्हणाल्या. “नमस्कार राहिला.”

साहेब उठले. टोपी काढून घोंगडीवर ठेवली आणि दाराकडे निघाले.

त्यांना अंगावर येताना पाहून मोतीराम झटकन खाली उकिडवा बसला. गुडघे छातीशी, नजर जमिनीत. साहेब समोर आला की कैद्यानं असंच बसायचं असतं. नऊ वर्षं तो तसाच बसला होता.

“अरे, ऊठ.”

मोतीराम उठेना. त्याला उठताच येईना.

साहेब कमरेत वाकले. मोतीराम आणखी आक्रसला. पाय दिसेनात, नुसती वाकलेली पाठ.



“माई... हा एवढा खाली बसलाय. मी नमस्कार करू कसा?”

“मग तू त्याच्याहून खाली हो.”