रविवारचे जाते

निंबखोरीच्या दगडी चर्चमध्ये, जिथे इतरत्र प्रभुभोजनाचे मेज मांडलेले असते, तिथे जमिनीत बसवलेले एक जाते आहे. वरच्या दगडाची एक कड तुटलेली आहे. पाहुण्यांना आधी वाटते, डागडुजीच्या वेळी कुणीतरी आणून ठेवले आणि तसेच राहिले. मग मंडळीतले सर्वांत वयस्क दाऊदबाबा त्यांना चपला काढून जात्याभोवती बसायला सांगतात.

"शोभेचं नाही पाहुणे. खुंट्याला हात लावून बघा. किती गुळगुळीत झालाय."

दाऊदबाबांनी ही गोष्ट आत्याकडून ऐकली, आत्याने तिच्या आत्याकडून. म्हणून सांगताना ते 'म्हणे' सोडत नाहीत.

एस्तेर ही याच वस्तीतल्या भिवाची लेक. आई लहानपणीच वारली, तेव्हा मिशनच्या लोकांनी तिला दूर समुद्रकाठच्या शाळेत नेले. शिकून, शिक्षिका होऊन ती परत निघाली तेव्हा बैलगाडीत बसल्या बसल्या तिने सगळे मनात मांडून ठेवले होते, असे सांगतात. घंटा वाजेल, स्वच्छ कपड्यांतली मंडळी ओळीने येईल, मुली पाट्या घेऊन उभ्या असतील, बाप वेशीपर्यंत धावत येईल. प्रत्यक्षात वेशीत एक बैल मरून पडला होता आणि तो ओढून बाजूला टाकण्याची ताकद कुणात नव्हती. घंटा होती, पण दोर ओढणारे हात नव्हते. मुली निवडुंगाची बोंडे शोधत रानात फिरत होत्या. बाप खाटेवरून उठलाच नाही. आवाजावरून त्याने लेक ओळखली आणि म्हणाला, "एस्तू, लई उशीर केलास गं."

पावसाने पाठ फिरवल्याला तेव्हा दुसरे साल चालू होते. वस्तीतल्या धडधाकट माणसांना सरकारी कामावर खडी फोडावी लागे आणि त्याबदल्यात शनिवारी ज्वारीची गाडी येई.

एस्तेरने दुष्काळाकडे पाहिले आणि तिला त्याचे कारण सापडले. मंडळी सैल झाली होती. रविवारी बायका दळत होत्या, चुली पेटत होत्या, लोक बाजाराला जात होते. देवाने दिवस मागितला आणि तोही आपण दिला नाही, मग त्याने पाऊस का द्यावा? ती तरुण होती, तिचे शब्द पेटलेले असत, आणि पाळक हरिबा फार थकले होते. त्यांनी मान डोलावली. रविवारी दळण नाही, कांडण नाही, चूल नाही. मोडेल त्याला प्रभुभोजनाची भाकर नाही.

लोकांनी नियम आनंदाने धरला म्हणे. दाऊदबाबा इथे थांबतात. "उपाशी माणसाला काहीतरी पाळायला लागतं. पाळलं की वाटतं, आता वरून काहीतरी येईल."

वस्तीत जाते एकच उरले होते. बाकीच्यांनी आपापले जाते विकून खाल्ले होते. हे एक तान्हाबाईचे. ती विधवा होती, तोंडाने फटकळ, आणि तिच्या पदराला मेलेल्या भावाची दोन पोरे होती. एका शनिवारी गाडी फार उशिरा आली. रविवारी उजाडताना एस्तेरच्या कानावर घरघर आली. आवाजाच्या मागाने ती तान्हाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, आज वार कोणता?"

"पोरांना विचार. ती म्हणतील भुकेचा."

"एक दिवस थांबता आलं नसतं?"

"मला आलं असतं. धाकटा थांबेल का, ते तू त्याला सांग. हा बघ, इथं निजलाय."

एस्तेरने पोराकडे पाहिले नाही. तिने पाळकांना सांगितले. त्याच दिवशी तान्हाबाईला मंडळीसमोर उभे केले आणि चुकले म्हणायला सांगितले.

"म्हणते की," तान्हाबाई म्हणाली. "पण पुढच्या रविवारी पोरं रडली तर परत दळीन. मग आजचं चुकले खोटं ठरेल. देवाच्या घरात खोटं बोलायला लावताय का, पाळकबाबा?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसले. एस्तेर उठली आणि म्हणाली, आज्ञा मोडून काढलेले पीठ आणि ते ज्यातून निघाले ते जाते, दोन्ही मंडळीला वर्ज्य असावीत. तान्हाबाई चूक कबूल करेपर्यंत तिच्या घरचे पीठ कुणी घेऊ नये. कुणी विरोध केला नाही. तान्हाबाई प्रभुभोजनातून उठवली गेली आणि वस्तीतले एकुलते एक जाते बंद पडले.

तेव्हापासून लोक दाणा पाट्यावर ठेचू लागले, नाहीतर अख्खाच शिजवून खाऊ लागले. तरण्याताठ्यांना तो पचला. म्हाताऱ्यांना आणि लहानांना पचला नाही. पाऊस आला नाही. एस्तेरने नियम आणखी घट्ट केला.

मग भिवा खंगला. एका शनिवारी सकाळी त्याला पाणीही उतरेना. तान्हाबाई मातीच्या परळात पिठाची पातळ पेज घेऊन दारात आली. एस्तेर उंबऱ्यात उभी राहिली.

"मावशी, मंडळीचा ठराव आहे."

"तू पाळ ठराव. म्हाताऱ्याला दोन घोट पाजू दे."

आतून भिवाचा आवाज आला. "तान्ही का? जा बाई माघारी. माझ्या लेकीचा नियम मीच मोडला तर तिला या गावात कोण विचारील?"

त्या क्षीण आवाजात अभिमान होता. एस्तेरने तो ऐकला. 'बा, पी' एवढे दोन शब्द तिला म्हणायचे होते. ती उंबऱ्यातून हलली नाही. तान्हाबाई परळ उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. उन्हे कलायच्या आत भिवा गेला. पेजेवर साय धरली होती.

खड्डा उथळच खणला गेला, कारण खणणारे मध्येच बसत होते. माती लोटून झाल्यावर पाळक हरिबा एस्तेरजवळ आले आणि मायेने म्हणाले, "तू आज्ञा मोडली नाहीस, पोरी. तुझ्यावर कसलाच बोल नाही."

या वाक्यानेच ती कोसळली, असे सांगतात. घरी येऊन ती बापाच्या रिकाम्या खाटेशी बसली आणि स्वतःला दोष देण्यासाठी मोडलेली आज्ञा शोधू लागली. एकही सापडेना. मोडली असती तर कबूल करता आली असती, मंडळीपुढे उभे राहता आले असते, रडून क्षमा मागता आली असती. तिने तर सगळे पाळले होते, आणि पाळता पाळता बाप मारला होता. अशा पापाचा कबुलीजबाब तिला कुणी शिकवला नव्हता. तिने प्रार्थना सुरू केली, पण कोणत्या तोंडाने आणि कोणत्या नावाने हाक मारायची, तेच कळेना. आजवर ज्याला हाक मारत आलो तो देव होता की आपण स्वतःच, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिथून पुढे तिला जाता येईना.

दिवेलागणीला ज्वारीची गाडी आली. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होते आणि चर्चमध्ये मूठभरही पीठ नव्हते. शनिवार सरला होता आणि रविवारी दळायचे नव्हते. पाळकांनी निरोप फिरवला, उद्या भोजन होणार नाही.

त्याच सुमारास तान्हाबाई पुन्हा आली. हातात तसाच परळ, तशीच पेज.

"मला नको, मावशी. माझी लायकी नाही."

"लायकी कोण विचारतंय? गार होतीय."

"माझ्यामुळं बा..."

"माहीत आहे मला. सगळ्या वस्तीला माहीत आहे. पी."

"तुम्हाला मी बाहेर काढलं."

"हो, काढलंस. म्हणून दाराबाहेर उभी आहे. आत ये म्हणालीस तर पाय तरी टेकतील."

एस्तेर बाजूला झाली. तान्हाबाईने परळ तिच्या ओठांना लावला. बापाला नाकारलेले ते पीठ तिच्या घशाखाली उतरले. त्यासाठी तिने काही केले नव्हते. उलट ते मिळू नये म्हणून जे करता येईल ते सगळे केले होते. ती हुंदके देऊ लागली.

"रडत पिऊ नको," तान्हाबाई म्हणाली. "ठसका लागेल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच एस्तेर तान्हाबाईकडे गेली आणि जाते मागितले. वरचा दगड तिने चाकासारखा उभा करून रस्त्याने लोटत नेला. चर्चच्या पायरीवर तो निसटला, तेव्हाच त्याची कड उडाली म्हणे. मग परत जाऊन ती खालचा दगड ढकलत, मध्ये मध्ये बसत घेऊन आली. मंडळी जमली तेव्हा ती मेजाच्या जागी जमिनीवर बसून ज्वारी भरडत होती. तिच्या अंगात त्राण नव्हते आणि दगड अर्धा फेरा घेऊन अडत होता.

पाळक हरिबा म्हणाले, "एस्तेर, आज रविवार आहे."

"माहीत आहे, पाळकबाबा. मलाही बाहेर काढा. मावशी जिथं आहे तिथं मला बसू द्या. मात्र ही भाकर होऊ द्या."

बराच वेळ कुणी हलले नाही. मग दाराबाहेरून तान्हाबाई आत आली, समोर बसली आणि खुंट्यावर एस्तेरच्या हातावर हात ठेवला. पाळक काय म्हणाले याबद्दल एकवाक्यता नाही. कुणी सांगतात, ते उठून निघून गेले आणि पुढच्या रविवारी परतले. कुणी सांगतात, ते चूल पेटवायला गेले.

पाऊस त्या सालीही आला नाही. एस्तेर शेवटपर्यंत या गावात राहिली, पण तिला समाधान मिळाले असे निंबखोरीत कुणी सांगत नाही, आणि दाऊदबाबाही सांगत नाहीत.

आजही प्रभुभोजनाच्या रविवारी इथे आदल्या दिवशीचे पीठ चालत नाही. घंटा झाली की मंडळी गप्प बसते. ज्याला वाटते की आज आपण या भाकरीला लायक नाही, त्याने उठून खुंट्याला हात घालायचा. त्याचे नाव कुणी घेत नाही आणि तो का उठला, हेही कुणी विचारत नाही. दुसऱ्या कुणीतरी समोर जाऊन बसायचे. कधी कधी फार वेळ कुणीच उठत नाही. तरी पाळक उपासना पुढे नेत नाहीत, आणि सगळे चर्च भुकेले वाट पाहत बसून राहते.